घर विकून झालं, मग कर कमी करून दिल्याची फी कोणी भरायची?

घर विकलं. किल्ल्या नव्या मालकाच्या हातात गेल्या, सामान ट्रकमध्ये चढलं, जुन्या पत्त्यावरची टपाल नव्या पत्त्याकडे वळवून झाली. सात महिन्यांनी नव्या घराच्या पेटीत एक पाकीट येऊन पडतं. आत बिल. तुमच्या घराचा मालमत्ता कर आम्ही कमी करून दिला, वर्षाची बचत १,८०० डॉलर, आमची फी त्याच्या निम्मी म्हणजे ९०० डॉलर, तीस दिवसांत भरा.

पण ज्या घराचा कर कमी झाला, ते घर तर आता आपलं नाही. १,८०० डॉलर वाचले ते नव्या मालकाचे. मग ९०० डॉलर आपण का द्यायचे?

अमेरिकेत घर विकलेल्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो आणि त्यात आपली मराठी मंडळीही आहेत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, टेक्सासमध्ये डॅलस-ह्यूस्टनच्या उपनगरांत, शिकागोच्या आसपास हा कर कमी करून देण्याचा धंदा जोरात चालतो आणि नोकरीमुळे चार-पाच वर्षांत घर बदलणारेही तिथे भरपूर आहेत. दोन्ही एकत्र आलं की हे पाकीट येतं.

उत्तर कडू आहे, पण आधी सांगितलेलं बरं. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर फी बहुतेक वेळा जुन्या मालकालाच भरावी लागते. कारण करातली सूट घराला चिकटते आणि फी सहीला चिकटते. घर विकताना सूट घराबरोबर जाते, सही मात्र आपल्याच नावावर राहते.

मुळात हा धंदा आहे काय?

आपल्याकडे जशी घरपट्टी, तसा तिकडे मालमत्ता कर. फरक आकड्यांचा आहे. अमेरिकेत सरकारी शाळांचा मोठा खर्च याच करातून भागतो. त्यामुळे चांगल्या शाळांच्या भागात वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढचं बिल येणं नवलाचं नाही. टेक्सासमध्ये तर राज्याचा प्राप्तिकरच नाही, त्यामुळे बराच भार या कराकडे सरकतो.

हा कर घराच्या सरकारी मूल्यांकनावर लागतो. तुमचं घर आठ लाखांचं आहे असं काउंटीनं ठरवलं आणि शेजारची तशीच घरं सात लाखांना विकली जात असतील, तर तुम्ही जास्त कर भरताय. अशा वेळी मूल्यांकनाविरुद्ध दाद मागता येते. लाँग आयलंडवर याला ‘ग्रीव्हन्स’ म्हणतात, टेक्सासमध्ये ‘प्रोटेस्ट’ आणि शिकागोकडे ‘अपील’. नाव काहीही असो, म्हणणं एकच: साहेब, माझं घर तुम्ही म्हणता तेवढ्या किमतीचं नाही. आपलं घर कमी किमतीचं आहे हे माणूस हिरिरीनं पटवून देतो, असा प्रसंग आयुष्यात एरवी येत नाही!

हे काम मालक स्वतः करू शकतो. लाँग आयलंडवरच्या नॅसॉ काउंटीत तर अर्ज ऑनलाइन आणि फुकट आहे. पण आसपासच्या विक्रीचे आकडे जमवायचे, तारखा सांभाळायच्या, हे कोणी करायचं? म्हणून कंपन्या आल्या. त्यांचं म्हणणं फार गोड असतं: आधी एक पैसा देऊ नका, कर कमी झाला तरच बचतीतला वाटा द्या. नॅसॉमध्ये पहिल्या वर्षाच्या बचतीच्या निम्मा वाटा घेणाऱ्या कंपन्या सर्रास दिसतात. टेक्सासमध्ये हा वाटा साधारणपणे त्याहून कमी असतो. कर कमी झाला नाही तर फी नाही. मग कोण नाही म्हणेल? एका पानावर सही करायची आणि विसरून जायचं.

विसरून जायचं, इथेच मेख आहे.

दोन वर्षांचा उशीर

नॅसॉ काउंटीचं वेळापत्रक एकदा नीट बघितलं की सगळा गोंधळ उलगडतो.

काउंटी दरवर्षी २ जानेवारीला घरांचं तात्पुरतं मूल्यांकन जाहीर करते. त्यावर तक्रार करायला कायद्यानं १ मार्चपर्यंत मुदत असते. काही वर्षी ती वाढवूनही मिळाली आहे. तक्रार जाते ‘असेसमेंट रिव्ह्यू कमिशन’ या काउंटीच्याच मंडळाकडे. मंडळ वर्षभर अर्ज तपासतं, तडजोडीचे देकार देतं. अंतिम यादी लागते पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलला. म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये केलेल्या तक्रारीचा निकाल एप्रिल २०२५ च्या यादीत उतरतो. आणि प्रत्यक्ष बिलात? शाळेचा कर ऑक्टोबर २०२५ च्या बिलात, आणि काउंटी वगैरेंचा सर्वसाधारण कर जानेवारी २०२६ च्या बिलात.

सही आणि बचत यांच्यामध्ये दीड ते दोन वर्षं गेली. एवढ्या काळात नोकरी बदलते, दुसरं मूल होतं, आईवडील राहायला येतात, घर लहान वाटू लागतं. घर विकलंही जातं. विकताना गच्चीची गळती, भट्टीचं वय, कुंपणाची हद्द सगळ्याची चर्चा होते. दोन वर्षांपूर्वी सही केलेला तो एक कागद कोणाच्या लक्षात राहतो?

लाँग आयलंडवरच हे प्रकरण एवढं का पसरलं, यालाही इतिहास आहे. २०१० नंतर नॅसॉ काउंटीनं बरीच वर्षं घरांचं नव्यानं मूल्यांकन केलंच नाही, यादी गोठवून ठेवली. त्याच काळात ज्यांनी तक्रार केली त्यांना मोठ्या प्रमाणावर सूट मिळत गेली. आता गणित असं आहे की शाळांना आणि काउंटीला लागणारी एकूण रक्कम ठरलेली असते. एकाचा कर कमी झाला तर ती रक्कम बाकीच्यांच्या ताटात पडते. त्यामुळे तक्रार न करणारा माणूस, अनेकदा तुलनेनं कमी पैशांचा किंवा या भानगडी माहीत नसलेला, दुसऱ्यांच्या सुटीचा भार वाहत राहिला. ‘न्यूजडे’ या तिथल्या दैनिकानं २०१७ मध्ये हे उघड केलं, २०१८ मध्ये काउंटीनं फेरमूल्यांकन हाती घेतलं आणि २०२०-२१ च्या करापासून ते लागू झालं. पण तोपर्यंत “दरवर्षी तक्रार करायचीच” ही सवय घराघरांत मुरली होती. हिवाळा आला की कंपन्यांची पत्रकं पेटीत येऊन पडतात. शेजारी करतो म्हणून आपणही सही करतो.

बिल जुन्या मालकालाच का?

मालमत्ता कर आणि तो कमी करून दिल्याची फी या दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत.

कर हा मिळकतीवरचा बोजा आहे. तो थकला तर घरावर बसतो, मालक कोणीही असो. ही गोष्ट आपल्यालाही नवी नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमातही मालमत्ता कर हा मिळकतीवरचा पहिला बोजा मानला आहे. म्हणून तर फ्लॅट घेताना आपण घरपट्टीची ताजी पावती मागतो.

फीचं तसं नाही. ती दोन माणसांमधल्या करारातून आलेली असते: एक कंपनी आणि एक सही करणारा. घर त्या करारात पक्षकार नाही. नवा मालक तर नाहीच नाही. त्यानं कंपनीचं नावही ऐकलेलं नसतं. त्याला जर कंपनीनं बिल पाठवलं, तर तो सरळ म्हणेल, “मी तुम्हाला काम सांगितलंच नव्हतं.” आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. फुकटात फायदा झाला, एवढ्यावरून तो देणेकरी ठरत नाही.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. तिनं काम केलंय. अर्ज भरला, पुरावे जोडले, मंडळाशी बोलणी केली. निकालही लागला. घरमालकानं मधेच घर विकलं, यात कंपनीचा काय दोष? न्हाव्यानं केस कापल्यावर गिऱ्हाईक टोपी घालून बाहेर पडलं, तरी पैसे द्यावेच लागतात.

कंपन्या आणखी एक मुद्दा मांडतात: कर कमी झाल्यामुळे तुमचं घर चांगल्या किमतीला गेलं. यात थोडं तथ्य आहे. घराच्या जाहिरातीत वार्षिक कराचा आकडा छापलेला असतो आणि घेणारा महिन्याचा हप्ता मोजताना तो धरतोच. पण त्यासाठी सूट आधीच पक्की व्हायला हवी आणि ती जाहिरातीत दिसायला हवी. निकाल विक्रीनंतर लागला असेल, किंवा लागूनही कोणी घेणाऱ्याला सांगितला नसेल, तर किमतीत एक डॉलरचाही फरक पडलेला नसतो. तेव्हा हा युक्तिवाद सरसकट मान्य करायचं कारण नाही.

हिशोब करून बघू

वरच्याच उदाहरणातले आकडे घेऊ. ते समजण्यासाठी धरलेले आहेत. एकूण बचत १,८०० डॉलर: त्यात शाळेच्या करात १,२०० आणि सर्वसाधारण करात ६००. फी निम्मी, म्हणजे ९००. तक्रार जानेवारी २०२४ ची.

घर २० जून २०२५ ला विकलं, असं समजू. नॅसॉमध्ये शाळेचं करवर्ष १ जुलैला सुरू होतं आणि सर्वसाधारण करवर्ष १ जानेवारीला. म्हणजे विकणाऱ्यानं या सुटीचा एक दिवसही उपभोगला नाही. बचत शून्य, फी ९००. नव्या मालकाची बचत १,८००, फी शून्य.

आता तेच घर १ नोव्हेंबर २०२५ ला विकलं असेल तर? जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने शाळेचा कर जुन्या मालकाच्या वाट्याचा. १,२०० चा एक तृतीयांश, म्हणजे ४०० डॉलर त्याचे वाचले. सर्वसाधारण करातली सूट २०२६ पासून, ती पूर्ण नव्या मालकाची. तरी फी ९००. म्हणजे कर कमी करून घेतल्याबद्दल या गृहस्थांना ५०० डॉलरचा भुर्दंड बसला. तक्रारच केली नसती तर बरं झालं असतं!

आणि घर डिसेंबर २०२६ नंतर विकलं असतं, तर पूर्ण १,८०० त्याच्या खिशात आले असते आणि ९०० ची फी कोणाला खुपली नसती. ही फी एका पूर्ण वर्षाच्या बचतीवर बेतलेली असते. तुम्ही ते वर्ष पूर्ण त्या घरात काढणार आहात, हे त्यात न बोलता धरलेलं असतं.

करारात नेमकं काय बघायचं?

बिल आलं की पहिलं काम म्हणजे जुना करार शोधणं. ई-मेलमध्ये असतो, नाहीतर कंपनीकडून लेखी मागवायचा. त्यात ‘विक्री’, ‘हस्तांतर’ किंवा ‘मालकी बदल’ असे शब्द कुठे येतात ते बघायचं.

काही करारांत विक्रीचा उल्लेखच नसतो. तेव्हा वर सांगितलेला साधा नियम लागतो: सही ज्याची, देणं त्याचं. काहींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की घर विकलं तरी मूळ ग्राहकच फी देईल. काही कंपन्या जास्त समजूतदार असतात: विक्रीची खबर ठरलेल्या मुदतीत लेखी दिली, तर त्या तक्रार मागे घेतात, किंवा नव्या मालकाची सही घेऊन करार त्याच्या नावावर करतात, किंवा जेवढे महिने तुम्ही मालक होतात तेवढ्याच बचतीवर फी लावतात. पण या सगळ्यात ‘खबर दिली तर’ ही अट असते. फोनवर कोणाला तरी सांगितलं होतं, हे पुढे उपयोगी पडत नाही. ई-मेल हवा, तारीख हवी.

बचत कशी मोजली हेही बघण्यासारखं आहे. ती प्रत्यक्ष बिलातली बचत आहे, की मूल्यांकनातली घट गुणिले कराचा दर असा कागदावरचा आकडा आहे? टेक्सासमध्ये हा फरक चांगलाच बोचतो. तिथे स्वतः राहत असलेल्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे कधी कधी बाजारमूल्य कमी करून घेतलं तरी करपात्र आकडा आधीच त्याच्या खाली असतो आणि बिल तसूभरही बदलत नाही. अशा वेळी कागदावरच्या घटीवर फी मागितली गेली, तर करारात तसं लिहिलंय का ते विचारायलाच हवं.

टेक्सासचा मामला जरा वेगळा

फ्रिस्को, प्लेनो, आयर्विंग, शुगर लँड ही नावं आता पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत रोज घेतली जातात. तिथल्यांसाठी थोडी बरी बातमी आहे: टेक्सासमध्ये एवढा उशीर होत नाही. मूल्यांकन १ जानेवारीचं, नोटीस साधारण एप्रिलमध्ये, तक्रारीची मुदत १५ मे किंवा नोटिशीनंतर ३० दिवस यांपैकी जे उशिरा असेल ते. सुनावण्या उन्हाळ्यात उरकतात, बिल शरद ऋतूत येतं आणि ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं. सगळं एकाच वर्षाच्या करासाठी.

तक्रार चालू असताना घर विकलं गेलं तर? टेक्सासच्या कर कायद्यात याची सोय आहे. नवा मालक तीच तक्रार पुढे चालवू शकतो. मात्र त्यासाठी त्याला सुनावणी करणाऱ्या मंडळाकडे अर्ज करावा लागतो.

आता पैशांकडे. समजा, घर ३० जूनला विकलं. बिल अजून आलेलं नाही. मग व्यवहाराच्या दिवशी अंदाजानं सहा महिन्यांचा कर विकणाऱ्याच्या खात्यातून कापून घेणाऱ्याच्या नावे जमा होतो. पुढे ऑगस्टमध्ये तक्रारीचा निकाल लागतो आणि वर्षाचा कर १,२०० डॉलरनं कमी होतो. अंदाज जुन्या, जास्त आकड्यावर केला होता. म्हणजे विकणाऱ्यानं आपल्या सहा महिन्यांचे ६०० डॉलर जास्त दिले आहेत.

ते परत मिळतात का? टेक्सास रिअल इस्टेट कमिशनच्या घरविक्रीच्या छापील करारातच तरतूद आहे: प्रत्यक्ष बिल अंदाजापेक्षा वेगळं निघालं, तर बिल आल्यावर दोन्ही बाजूंनी हिशोब दुरुस्त करायचा. म्हणजे हक्क आहे. पण हे आपोआप होत नाही. व्यवहार पार पाडणारी टायटल कंपनी तेव्हा बाजूला झालेली असते. विकणाऱ्यालाच बिल बघून घेणाऱ्याला पत्र लिहावं लागतं. टेक्सासमध्ये घराचं करबिल काउंटीच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं, त्यामुळे पुरावा शोधायला त्रास नाही. फी ३० टक्के धरली तर ३६० डॉलर. ६०० परत मिळवले तर फी देऊनही २४० उरतात. परत मागितलेच नाहीत, तर ३६० खिशातून गेले.

एक खबरदारी. टेक्सासमध्ये कंपनीला आपला प्रतिनिधी नेमण्याचा जो सरकारी फॉर्म आहे, त्यात अधिकार कधी संपतो ती तारीख लिहायची जागा असते. ती रिकामी सोडली, तर अधिकार रद्द करेपर्यंत चालूच राहतो. तिथल्या करसल्लागारांना राज्याच्या परवाना विभागाकडे नोंदणी करावी लागते, त्यामुळे बिल अवाच्या सवा वाटलं तर तक्रार करायला एक दार आहे.

शिकागोच्या कुक काउंटीत आणखी तिसराच प्रकार. तिथे कर एक वर्ष मागे चालतो: या वर्षी भरायचं ते बिल गेल्या वर्षाचं. म्हणून विकणारा व्यवहाराच्या वेळीच न आलेल्या बिलांपोटी रक्कम देऊन टाकतो, तीही अनेकदा शेवटच्या बिलाच्या १०५ किंवा ११० टक्के. नंतर अपिलात कर कमी झाला, तर ‘पुन्हा हिशोब’ असं कलम करारात असेल तरच फरक परत मिळतो. नसेल तर सूट घेणाऱ्याची आणि वकिलाची फी विकणाऱ्याची.

घर विकायला काढलंय? मग हे आत्ताच

घर बाजारात आणायचं ठरलं की करतक्रारीचा कागद बाहेर काढा. चालू वर्षाची आणि गेल्या वर्षाची, दोन्ही. नॅसॉमध्ये एकाच वेळी दोन वर्षांच्या तक्रारी वेगवेगळ्या टप्प्यांवर असू शकतात आणि मग बिलंही दोन येतात. कंपनीला ई-मेलनं विचारा: घर विकतोय, फीचं काय? तक्रार मागे घेता येईल का? घेता येत असेल तर कधीपर्यंत? पण मागे घेण्याची घाई करू नका. सूट खरोखर मिळणार असेल, तर ती घराची जमेची बाजू आहे. ती फुकट घालवण्यापेक्षा विकलेली बरी.

विकायची कशी? न्यूयॉर्क शहराच्या आसपास घराच्या व्यवहारात दोन्ही बाजूंना वकील असतात आणि मूळ करारासोबत जादा अटींचा कागद जोडला जातो. त्यात दोन-तीन वाक्यं पुरतात: या घराच्या अमुक वर्षाच्या कराबाबत तक्रार चालू आहे, तिच्यातून मिळणारी सूट किंवा परतावा व्यवहाराच्या तारखेनुसार दोघांत वाटला जाईल, आणि कंपनीची फीही त्याच प्रमाणात दोघं उचलतील. वकिलाला हे लिहायला दहा मिनिटं लागतात. घेणाराही सहसा अडत नाही, कारण निम्मी फी देऊनही त्याला निम्मी बचत मिळतेच आहे. व्यवहाराच्या दिवशी फीइतकी रक्कम वकिलाच्या एस्क्रो खात्यात बाजूला ठेवली, तर नंतर एकमेकांना फोन करायचीही गरज राहत नाही.

परताव्याच्या धनादेशाचाही उल्लेख त्यातच करावा. प्रकरण लांबून लहान दाव्यांच्या सुनावणीत गेलं, तर निकाल येईपर्यंत जास्तीचा कर भरून झालेला असतो. न्यूयॉर्कमध्ये मालक राहत असलेल्या घरासाठी हा दावा अवघ्या ३० डॉलरमध्ये करता येतो. परतावा निघाला की तो कोणाचा, यावर चांगल्या माणसांचीही भांडणं होतात.

आणि व्यवहार होऊन गेला असेल तर?

मग पर्याय कमी, पण आहेत. बिल न उघडता बाजूला टाकणं हा त्यातला नव्हे. थकलेलं बिल वसुली करणाऱ्यांकडे गेलं की डोकेदुखी वाढते. कंपनीला विक्रीची तारीख दाखवणारा कागद पाठवा आणि विचारा: माझी बचत किती झाली, ते महिन्यांप्रमाणे दाखवा. करारात ‘ग्राहकाची बचत’ असे शब्द असतील आणि तुमची बचत शून्य असेल, तर तुमच्या बाजूनं बोलायला जागा आहे. अनेक कंपन्यांचा धंदा तोंडी शिफारशीवर चालतो. ९०० डॉलरसाठी परिसरात नाव खराब करून घेण्यापेक्षा रक्कम कमी करणं त्यांना परवडतं. विचारायला काही जात नाही.

नव्या मालकालाही एक साधं पत्र लिहून बघावं. आम्ही केलेल्या तक्रारीमुळे तुमचा कर १,८०० डॉलरनं कमी झालाय, फी ९०० आली आहे, अर्धी वाटून घ्याल का? करारात कलम नसेल तर त्याच्यावर बंधन नाही. तरीही काही जण देतात. शिवाय अशा पत्रातून त्याला एक गोष्ट कळते, जी बहुधा त्याला ठाऊक नसते: सूट त्या एका वर्षापुरती असू शकते, पुढच्या वर्षीच्या मूल्यांकनाकडे त्याला स्वतः लक्ष द्यावं लागणार आहे, आणि नॅसॉमध्ये तो अर्ज काउंटीच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतो. तक्रार केल्याबद्दल तिथे मूल्यांकन वाढवलं जात नाही, त्यामुळे घाबरायचंही कारण नाही.

नाहीतर जानेवारी उजाडताच त्याच्याही पेटीत तेच गोड पत्रक पडणार आहे: आधी एक पैसा देऊ नका, फक्त इथे सही करा.